कूलरला बांधलेली हिरवी तार

विल्सन माइकला चिकटला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

त्याचे ओठ माइकच्या जाळीवर होते, डावा हात गिटारच्या तारांवर आवळलेला, मान मागं ताणलेली, आणि अंग थडाथडा उडत होतं. तोंडातून आवाज नव्हता. पुढं सतरंजीवर बसलेल्यांना वाटलं, गाणं रंगात आलं. असल्या गाण्यात अंगात आल्यासारखं करायचं असतं, एवढं तोवर कॉलनीला माहीत झालं होतं. म्हणून टाळ्या.

मी आमच्या खिडकीत उभी होते. ओरडले, "अरे, चिकटलाय तो! करंट लागलाय!" मराठीत ओरडले. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्या लॉनवर पंजाबी होते, बंगाली होते, मद्रासकडचे होते. माझं बोलणं कळेल असे चारपाच जण. त्यांतला एक माझा मुलगा मिलिंद. तो विल्सनपासून चार पावलांवर दुसरी गिटार घेऊन उभा होता. त्यानं आपल्या गिटारीची वायर उपटली, गिटार उलटी करून दोन्ही हातांनी मानेला धरली आणि जीव खाऊन हाणली. माइकचा लोखंडी स्टँड आडवा झाला. विल्सन ओल्या गवतात पडला. मिलिंदच्या गिटारीची मान मोडली आणि ती नुसती तारांवर लोंबकळायला लागली.

टाळ्या थांबल्या. मग एक बाई किंचाळली, "हाय, मार डाला!"

तिचं काही चुकलं नव्हतं. त्या दोघांचं दुपारचं भांडण अख्ख्या ब्लॉकनं ऐकलं होतं.

परवा सकाळी मयूर विहारच्या आमच्या बिल्डिंगखाली "कूलर की घास" अशी हाळी आली आणि मला हे सगळं पुन्हा दिसलं. दरवर्षी दिसतं. दिल्लीत एप्रिल लागला की सायकलला गवताचे चौकोनी गठ्ठे बांधून ही माणसं फिरायला लागतात. गवत कसलं, लाकडाचा तो भुसकट जाळा. कूलरच्या तिन्ही बाजूंना तो बसवायचा, त्यावर पाणी ठिबकायचं आणि पंख्यानं गार वारा आत ओढायचा. पहिल्या दिवशी ओल्या लाकडाचा वास घरभर. थोडा वाळा घातला तर आणखी चांगला. या घरात तीन एसी आहेत. सून म्हणते, "आई, तुमच्या खोलीतही लावू ना, यार, किती आवाज करतो तो डब्बा." मी म्हणते, राहू दे. एसीत माझे गुडघे धरतात, आणि कूलरच्या आवाजाची मला सवय आहे. आवाजाची सवय तर मला त्या तीन पोरांनी लावली.

तिघं म्हणजे आमचा मिलिंद, समोरच्या ब्लॉकमधला विल्सन साळवे, आणि मागच्या गल्लीतला बिट्टू. विल्सनचे वडील नगरकडचे, ह्यांच्याच मंत्रालयात पण दोन पायऱ्या वर. आई नर्स. चर्चमध्ये गाणारं घर, त्यामुळं पोराच्या गळ्यात सूर होता. बिट्टू पंजाबी, ढोल बडवायचा. आधी तुपाचे रिकामे डबे बडवायचा, मग कुठून तरी खरे ड्रम आणले. बँडचं नाव काय ठेवायचं यावर तिघं तीन महिने भांडले. शेवटी 'ग्रॅनाइट' ठेवलं. मी विचारलं, हे कसलं संगीत म्हणायचं? विल्सन म्हणाला, "हार्ड रॉक, काकू. म्हणजे कठीण खडक." मी म्हटलं, ते ऐकू येतंयच.

दुपारी तीन वाजता, सगळी कॉलनी झोपलेली असताना, आमच्या मागच्या खोलीत यांचं सुरू व्हायचं. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे स्टीलचे डबे हळूहळू पुढं सरकायचे. मी दर पंधरा मिनिटांनी ते मागं ढकलायची. बाहेर लूचा गरम वारा सुटलेला, शहतुतं, म्हणजे तुती, पडून रस्ता जांभळा झालेला, आणि आत ही तिघं घामानं निथळत. कूलर बंद. कारण कूलर आणि मिलिंदचा अ‍ॅम्प एका वेळी लावला की फ्यूज उडायचा. गिटारीचा आवाज मोठा करणारा तो अ‍ॅम्प मिलिंदनं जुन्या रेडिओचे भाग जोडून स्वतः बनवला होता. पत्र्याची पेटी होती. मी त्याला डबाच म्हणायची.

डबा मिलिंदचा आणि गळा विल्सनचा. भांडणाचं मूळ हे. शिवाय विल्सन गिटारही मिलिंदपेक्षा चांगली वाजवायचा. मी आई असून सांगते. मिलिंद एकच जागा शंभर वेळा घासून बसवायचा, आणि विल्सन ती दाराशी चपला काढता काढता ऐकायचा आणि आत येऊन वाजवायचा. मिलिंदचा चेहरा पडायचा. तरी विल्सन एक दिवस आला नाही तर मिलिंदच चारदा खिडकीतून समोरच्या ब्लॉककडं बघायचा, आणि तो दिसला की ओरडायचा, "अबे, घड्याळ विकलंस का?"

भिंतीवर लांब केसांच्या परदेशी माणसांची चित्रं होती. एकाच्याही अंगात धड सदरा नाही. विल्सन पोळीला गुळांबा लावून खात खात मला त्यांची माहिती द्यायचा.

"काकू, हे दोघं बघा. हा गाणारा, हा गिटारवाला. लहानपणचे दोस्त. आता बोलत नाहीत. वेगवेगळ्या गाड्यांतून येतात, वेगवेगळ्या हॉटेलात उतरतात."

"मग गाणं कसं जमतं?"

"स्टेजवर जमतं."

"आणि हा कोपऱ्यातला रागीट?"

"याला बँडमधून काढला. यानं स्वतःचा बँड काढला आणि तिथंही जुनीच गाणी वाजवतो. वर रोज जुन्या दोस्तांना शिव्या देतो."

"म्हणजे विसरला नाही त्यांना," मी म्हटलं. विल्सन हसला आणि आणखी एक पोळी मागितली.

मला त्यात नवल वाटायचं नाही. आमच्या गावच्या भजनात पेटीवाला आणि पखवाजवाला यांचं बांधावरून वाकडं होतं. मी चौथीत होते तेव्हापासून, म्हणजे माझी शाळा सुटली तेव्हापासून, त्यांचं बोलणं बंद. एकादशीला मात्र शेजारी शेजारी बसायचे. पेटीवाला पखवाजवाल्याकडं मान वळवून बघायचा नाही, आणि पखवाजाची एक थाप इकडची तिकडं व्हायची नाही. पेटीवाला गेला त्या वर्षी पखवाजवाल्यानं भजनाला येणं सोडलं. कारण कोणी विचारलं नाही.

तर त्या वर्षीचा उन्हाळा.

मार्चमध्ये परीक्षा होत्या म्हणून ह्यांनी डबा उचलून पलंगाखाली टाकला. त्याच सुमाराला आम्ही माळ्यावरून कूलर काढला. आमचा कूलर पत्र्याचा. त्याला हात लागला की ह्यांना दर उन्हाळ्यात झटका बसायचा आणि ते दर उन्हाळ्यात कूलरला शिव्या द्यायचे. ह्यांना फ्यूजची तारसुद्धा घालता येत नव्हती. घरातलं स्क्रू ड्रायव्हरचं काम माझ्याकडं. सरकारी वायरमन यायचा तेव्हा मी मागं उभी राहून बघून घेतलं होतं. पुढंपुढं ब्लॉकमधल्या बायका इस्त्र्या बिघडल्या की माझ्याकडं आणायच्या. त्या वर्षी वायरमननं कूलर बघितला आणि म्हणाला, "माताजी, इसमें पानी है, तीन पिन का प्लग लगाओ, तीसरी तार ज़रूर जोड़ो, फिर झटका नहीं लगेगा."

तीन पिनांचा चांगला प्लग घरात एकच होता. मिलिंदच्या डब्याचा. मी पलंगाखालून डबा ओढला, त्याचा प्लग काढला आणि कूलरला बसवला. तिसऱ्या तारेसकट. डब्याला दोन पिनांचा जुना प्लग बसवला. तिथं तिसरी तार उरली. हिरवी. मी विचार केला, कूलरला पाणी असतं म्हणून त्याला तिसरी तार लागते. गाण्याच्या डब्याला पाणी कुठं आहे? वरची रबरी साल मागं सोलून मी ती हिरवी तार वीतभर बाहेर काढली आणि कापली. चांगली तार टाकवली नाही. कूलरच्या डाव्या बाजूचं गवत सुटत होतं, ते तिनं बांधून टाकलं.

ह्यांना त्या उन्हाळ्यात झटका बसला नाही. मला फार बरं वाटलं.

परीक्षा संपल्यावर मिलिंदनं डबा बाहेर काढला. "आई, माझा प्लग?"

"कूलरला लावला. दुसरा बसवलाय. वाजतंय ना?"

त्यानं लावून बघितलं. तितकाच बोंबलला. "वाजतंय."

"मग झालं तर."

तो शिकलेला होता, त्याला कळायला हवं होतं, असं मी पुढं बरीच वर्षं मनात म्हणत राहिले. पण एकोणीस वर्षांच्या पोराला वाजतंय एवढं पुरतं.

मे महिन्यात कॉलनीचा कार्यक्रम ठरला. सुट्टीला गावी जाणाऱ्यांच्या गाड्या सुटायच्या आत, एका संध्याकाळी, उजेड असतानाच. नाच, फॅन्सी ड्रेस, आणि शेवटी 'ग्रॅनाइट'. त्या दुपारी मागच्या खोलीतून गाण्याऐवजी भांडण ऐकू आलं. एका गाण्याच्या मध्ये गिटारीचा मोठा तुकडा होता, त्याला ही पोरं सोलो म्हणायची. तो कोण वाजवणार?

"मी वाजवणार. महिनाभर मी बसवलाय," मिलिंद म्हणाला.

"तू बसवलास. वाजतो माझ्या हातून."

"डबा माझा आहे, विल्सन."

"मग ठेव तुझा डबा! बिना अ‍ॅम्प के बजा लूँगा, गा भी लूँगा!"

तेव्हा मिलिंद खिडकीपाशी येऊन ओरडला, आणि तेही हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळेल असं, "आज माइक को हाथ लगा के दिखा! फिर देख क्या होता है!"

बिट्टू मध्ये पडला. सोलो अर्धा अर्धा वाटून घ्यायचा ठरला. मला वाटलं, मिटलं. मी बादली घेऊन लॉनवर गेले. दिल्लीत उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसं बसायची असली की आधी पाण्याचा छिडकाव करतात. धूळ बसते, माती गार होते, वास सुटतो. मी चार बादल्या मारल्या. जिथं पोरं उभी राहणार होती तिथं दोन जास्त मारल्या, त्यांना गार वाटावं म्हणून. सतरंज्या-माइक पुरवणाऱ्या टेंटवाल्यानं त्याच चिखलात माइकचा लोखंडी स्टँड रोवला.

पुढं काय झालं ते मला नंतर वायरमननं समजावलं. डब्याच्या आत एक तार सैल होऊन पत्र्याला टेकली होती. पत्र्यातून करंट गिटारीच्या तारांत. विल्सनचा हात तारांवर, पायांत रबरी तळाचे बूट, म्हणून दोन गाणी काही झालं नाही. तिसऱ्या गाण्याला तो पुढं वाकला आणि त्याचे ओठ माइकला लागले. माइक लोखंडात, लोखंड ओल्या मातीत. "तीसरी तार होती तो फ्यूज उड़ जाता, बस," वायरमन म्हणाला. बस.

चिकटलेल्या माणसाला हातानं ओढायचं नाही, लाकडानं मारून सोडवायचं, हे मिलिंदला मी शिकवलं होतं. कूलरपायी. तो सहा वर्षांचा असल्यापासून दर उन्हाळ्यात सांगायचे.

विल्सन तीन दिवस दवाखान्यात होता. खालचा ओठ भाजला, डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे. चौथ्या दिवशी संध्याकाळी साळवे साहेब आणि साळवेबाई आमच्याकडं आले. मी जमिनीवर बसून पोळ्या लाटत होते. साळवे साहेब आवाज चढवणारे नव्हते. वायरमनकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "डब्याचा प्लग कोणी बदलला?"

मी पोळी लाटत राहिले.

"मी, काका," मिलिंद म्हणाला.

"तिसरी तार तू कापलीस?"

"हो."

"त्यानं काय होईल, माहीत होतं?"

"नाही, काका. शपथ."

साळवे साहेब बरं म्हणाले आणि दोघं गेले. त्यांच्या मागं दार लागल्यावर ह्यांनी मिलिंदच्या दोन कानाखाली वाजवल्या. तेव्हाही मी पोळीच लाटत होते.

मी बोलले नाही. सरकारी क्वार्टर जाईल, ह्यांच्या नोकरीवर येईल, ही कारणं मी नंतर जमवली. ब्लॉकमधल्या इस्त्र्या माझ्याकडं दुरुस्तीला येत होत्या आणि मला त्या यायला हव्या होत्या. खरं कारण एवढंच. मिलिंदनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढंही आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

कॉलनीनं बोलायचं ते बोलून घेतलं. गिटार हाणली ती वाचवायला, असं म्हणणारे अर्धे. आधी तार कापली आणि मग घाबरून वाचवला, असं म्हणणारे अर्धे.

साळवेबाईंना ड्यूटी असायची, म्हणून मी म्हटलं, दिवसा विल्सनला आमच्याकडं ठेवा, आमचा कूलर चांगला आहे. तो आठ दिवस आमच्या कूलरखाली पलंगावर पडून होता. ओठाला पेला लागायचा नाही, मी चमच्यानं पन्हं द्यायची. बोलायचा नाही. नुसता कूलरकडं तोंड करून पडायचा. मिलिंद सबंध दुपार उन्हात कुठंतरी भटकायचा आणि लाल डोळे घेऊन घरी यायचा. आठव्या दिवशी तो लवकर आला. मी स्वयंपाकघरात होते. विल्सनचा आवाज आला. भाजल्या ओठानं हळू बोलत होता.

"प्लग तू बदललास?"

"हो."

"खरं सांग."

"सांगितलं ना. हो."

मग विल्सन उठला, चपला घातल्या आणि समोरच्या ब्लॉकमध्ये निघून गेला. जुलैत शिकायला पुण्याला गेला. बहावे फुलून झडून गेले होते. भिंतीवरची चित्रं मिलिंदनं काढली, पण फाडली नाहीत. गुंडाळी करून मोडक्या गिटारीबरोबर माळ्यावर ठेवली.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण त्यांत काही झालं नाही. विल्सनचं नाताळचं कार्ड यायचं. त्यावर फक्त माझं नाव असायचं. मिलिंदच्या लग्नाला तो आला, जेवला, गेला. हे वारले तेव्हा आला, माझ्या पाया पडला, मिलिंदशी हात मिळवला. "कसा आहेस?" "ठीक. तू?" "ठीक." बस. पोस्टरवरच्या त्या दोघांसारखं वेगवेगळ्या गाड्यांतून येणं. फक्त यांना स्टेज नव्हतं. आम्ही लक्ष्मीबाई नगर सोडलं, दुसऱ्या क्वार्टरमध्ये गेलो, मग मयूर विहारला फ्लॅट झाला. प्रत्येक वेळी मोडकी गिटार टेंपोत चढली. सामान बांधणाऱ्याला मी म्हणायची, हिला नीट.

मिलिंदचा एकदा चष्मा मोडला आणि तो इथल्या मार्केटात गेला तर चष्म्याच्या दुकानात बिट्टू बसलेला. जाडा झालेला, एका कानानं ऐकू न येणारा. तेव्हापासून त्यानं डोकं खायला सुरुवात केली. विल्सन नोकरी सोडून नोएडाला राहायला आलाय, आता फिरसे बजाते हैं. मिलिंद विषय बदलायचा. पण वर्षभरापूर्वी त्यानं नवी गिटार आणली. सून म्हणाली, "आता? या वयात?" तो दार लावून वाजवतो. सोलोपर्यंत येतो आणि थांबतो.

मी ठरवलं होतं, विल्सन एकदा घरी आला की सांगून टाकायचं. तीस-पस्तीस वर्षं ठरवत होते. माणूस कधी एकटा सापडत नव्हता, कधी प्रसंग बरा नव्हता. प्रसंग काय, शोधला नाही तर सापडत नाही.

परवा गवतवाल्याला मी वर बोलावलं. रविवार होता. तो बाल्कनीत कूलरच्या जाळ्या काढून बसला, मी शेजारी वेताच्या मोढ्यावर. तेवढ्यात बेल वाजली आणि बिट्टूचा आवाज आला, "ओए मिलिंदा, देख किसको पकड़ के लाया हूँ!" मागं विल्सन. केस सगळे पांढरे. ओठावर अजून बारीक पांढरी रेघ.

मिलिंद वर्तमानपत्र धरून उभा राहिला. "ये," म्हणाला. "बस."

विल्सन बसला नाही. सरळ बाल्कनीत माझ्याकडं आला, पाया पडला. "काकू, अजून कूलर?"

"अजून मी पण," मी म्हटलं.

तो खाली बसला आणि गवतवाल्याला जाळी धरायला लागला. डाव्या हाताची दोन बोटं पूर्ण वळत नव्हती, ती मी बघितली. गवतवाला म्हणाला, "माताजी, ये साइड ढीली है, रस्सी-वस्सी कुछ दो."

विल्सननं मान वर केली नाही. म्हणाला, "रस्सी नको, काकू. हिरवी तार द्या. डाव्या बाजूला तुम्ही तीच बांधायच्या."

मिलिंद दारात होता. वर्तमानपत्र खाली पडलं. बिट्टूला ऐकू आलं नाही. तो "क्या बोला? क्या बोला?" करत बसला.

मी म्हटलं, "तार मी कापली होती. मिलिंदनं नाही. प्लगही मी बदलला. वर पाणीही मीच मारलं."

"माहीत आहे," विल्सन म्हणाला.

"कधीपासून?"

"आठ दिवस कूलरखाली पडलो होतो, काकू. दुसरं काय बघणार? चौथ्या दिवशी कळलं. मिलिंदनं डबा बनवला तेव्हा ती वायर मीच धरली होती. तसला हिरवा रंग दुसऱ्या कशाला नव्हता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." त्यानं जाळी नीट दाबून बसवली. "मग तुम्ही पन्हं आणायच्या. तोंडात पन्हं घेऊन कसं विचारायचं?"

मी म्हटलं, "माझं चुकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तुझी बोटं गेली, हे माझं पोर बदनाम झालं, आणि मी पोळ्या लाटत बसले."

विल्सन उठला आणि मिलिंदकडं वळला. आता त्याचा आवाज चढला. "पण तू! तुला मी दोनदा विचारलं. दोनदा! तू माझ्या तोंडावर खोटं बोललास."

"आईचं नाव कसं सांगणार होतो?"

"मला! मला सांगायचं होतं. मी काय पोलीस होतो? माझ्या बाबांना खोटं सांग, कॉलनीला सांग. मला का? मला वाटलं, याचा माझ्यावर एवढाही भरवसा नाही. बँड कसला मग?"

"आणि तुला माहीत होतं तर तू बोलायचंस ना! तीस वर्षं मी समजतोय, याला वाटतं मी मारायला निघालो होतो..."

"गिटार फोडलीस माझ्यासाठी. असं कोण समजेल, गधा कहीं का?"

बिट्टू एव्हाना चांगला कान पुढं करून उभा होता. "एक मिनट, एक मिनट. तार? कौन-सी तार? मैं तो आज तक समझता रहा तुम दोनों उस सोलो के पीछे नहीं बोलते."

दोघं थांबले.

"वो भी था," विल्सन म्हणाला.

"था नहीं, है," मिलिंद म्हणाला. "सोलो माझा होता."

"अर्धा."

"अर्धा बिट्टूनं वाटला होता. मी मान्य कधी केलं?"

गवतवाला माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला म्हटलं, तू तुझं काम कर, यांचं असंच असतं. शेवटी गवताच्या गठ्ठ्याचीच सुतळी सोडून त्यानं डावी बाजू बांधली. मी पाणी सोडलं. ओल्या लाकडाचा वास आला. विल्सन तिथंच उभा राहून वास घेत होता. म्हणाला, "काकू, याच वासात मी बरा झालो."

मी आत जाऊन पन्हं केलं. या वेळी पेल्यात दिलं. त्यानं डाव्या हातानंच पेला धरला, दोन बोटं बाहेर ठेवून.

नंतर मिलिंदनं नवी गिटार आणली. विल्सननं मांडीवर घेतली, चाचपली, तार दाबून बघितली आणि परत दिली. "या बोटांनी नाही होत. आता सोलो तूच वाजव. पण मी सांगेन तसा."

"तू सांगणार?"

"तू तिसऱ्या जागी घाई करतोस. तेव्हापासून करतोस."

मिलिंदच्या चेहऱ्यावर तोच जुना राग आला. मग तो नवा अ‍ॅम्प ओढून आणायला गेला. मी म्हटलं, थांब. मी स्क्रू ड्रायव्हर मागितला. सून म्हणाली, "आई, हल्लीचे प्लग उघडत नाहीत, बंदच येतात." मी पिना मोजल्या. तीन होत्या. मग म्हटलं, लावा.

मिलिंदनं वाजवायला घेतलं. विल्सन गुडघ्यावर ताल धरून बसला, बिट्टूनं स्टीलचा डबा उपडा घातला. तिसऱ्या जागी मिलिंदनं घाई केली. विल्सननं "पुन्हा" म्हटलं. स्वयंपाकघरात डबे सरकले का ते बघायला मी उठले, पण इथली मांडणी भिंतीत बसवलेली आहे, काही सरकत नाही.

लक्ष्मीबाई नगरमधलं आमचं क्वार्टर पाडलं. लॉनही गेलं. साळवे साहेब गेले, साळवेबाई गेल्या, हे गेले. विल्सन आहे. मिलिंद आहे. बिट्टू आहे, एका कानानं. मी आहे.